पाकिटामागच्या बारीक अक्षरांना खुले पत्र

बारीक अक्षरांनो,

सप्रेम नमस्कार लिहीत नाही. तुमच्याबद्दल प्रेम नाही, आणि नमस्कार करावा असं तुम्ही काही केलेलं नाही. लठ्ठपणाच्या खटल्यात भलत्यालाच पिंजऱ्यात उभं केलं गेलं, आणि तुम्ही पाकिटाच्या पाठीला चिकटून गप्प राहिलात. म्हणून हे पत्र.

जुलै २०२५ आठवा. नागपूरच्या एम्समध्ये खाण्याच्या काउंटरशेजारी तेल-साखरेचे फलक लागणार अशी बातमी आली आणि बघता बघता समोसा-जिलेबी सिगारेटच्या रांगेत जाऊन बसली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं मूळ पत्र जूनचं. कामाच्या ठिकाणी तेल आणि साखर किती पोटात जाते हे सांगणारे फलक लावा, एवढाच त्याचा आशय होता. फेरीवाल्यांच्या पदार्थांवर इशारे छापा असं त्यात नव्हतं, तसा खुलासाही सरकारने १५ जुलैला केला. पण तोवर वडापाव, भजी, लाडू सगळ्यांची झडती घेऊन झाली होती. तुमचं नाव मात्र त्या गदारोळात फारसं कुणी घेतलं नाही.

समोसा निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मैद्याची पारी, आत बटाटा, वर तळण. रोज खाल्ला तर वजन वाढणारच, आणि तेच तेल पुन्हा पुन्हा तापवणं वाईटच. पण समोसा डोळ्यांसमोर तळला जातो. त्याचं तेल कागदाला लागतं, बोटांना लागतं. आपण काय खातोय हे खाणाऱ्याला ठाऊक असतं, आणि घरातलं मोठं माणूस ‘आता पुरे’ म्हणू शकतं. तुमच्या पाकिटाला ‘पुरे’ कुणी म्हणायचं, आणि कशाच्या आधारावर?

एका दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई बसली होती, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन. समोरच्या भिंतीवर पोस्टर: वडा, समोसा, जिलेबी आणि त्यावर लाल फुली. मुलाचं वजन जास्त आहे असं कळल्यापासून तिनं घरातलं तळण बंद केलं होतं. ‘तळकट काही देतच नाही हो ताई आता. डब्यात बिस्किटं, आणि मध्ये भूक लागली की आंब्याचा ज्यूस.’ तो खोका पोराच्या हातातच होता. मी मागून घेतला. पुढच्या बाजूला पिकलेला आंबा, हिरवं पान, आंब्यावर पाण्याचे थेंब. मागच्या बाजूला तुम्ही: इंग्रजीत, स्ट्रॉ चिकटवलेल्या जागेच्या आडोशाला, मुंगीच्या पायाएवढे. खोका खिडकीकडे धरून वाचलं. आधी पाणी, मग साखर, आणि त्यानंतर आंब्याचा गर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे त्या खोक्यात आंब्यापेक्षा साखर जास्त होती. ‘काय लिहिलंय?’ तिनं विचारलं. मी सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. भिंतीवरच्या पोस्टरने सांगितलेलं सगळं त्या बाईने इमानाने पाळलं होतं. तिला फसवलं ते तुम्ही. आणि मुलाचं वजन उतरलं नाही की बोल कुणाला लागणार? ‘आईनेच लाडावून ठेवलंय.’

तुम्ही सगळं लिहिता आणि काहीच कळू देत नाही. साखर एका नावाने लिहिली तर यादीत वर येते, म्हणून तिची फोड होते: साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज. चौघी वेगवेगळ्या ठिकाणी बसल्या की पहिलं नाव मैद्याचं. पामतेलाला ‘खाद्य वनस्पती तेल’ हे सोज्वळ नाव, खरी ओळख कंसात. मग ‘एक सर्व्हिंग’. एक पोर उभ्या उभ्या जे पाकीट संपवतं त्याचे तुम्ही कागदावर दोन-तीन वाटे करता आणि एका वाट्याचे आकडे दाखवता.

जरा तुमचेच आकडे मांडू. बहुतेक कोलांमध्ये १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते. २५० मिलीची छोटी बाटली म्हणजे साधारण २६ ग्रॅम, पाच-सहा चहाचे चमचे. वरून घातलेल्या साखरेतून रोजच्या ऊर्जेचा दहा टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास पाच टक्क्यांहून कमी वाटा यावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. एका छोट्या बाटलीत मोठ्या माणसाचा दिवस संपला. पोराचा तर केव्हाच. साध्या ग्लुकोज बिस्किटांतही वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा साखर असते, आणि आजारी माणसाला चहात बुडवून आपण तीच बिस्किटं देतो.

दोष दुसऱ्यावर ढकलायची रीत तुमच्या धन्यांना नवी नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना साडेसहा हजार डॉलर दिले. १९६७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लेख आला: हृदयविकाराला जबाबदार चरबी, साखरेचा दोष किरकोळ. पैसे कुणी दिले याचा त्यात उल्लेख नव्हता. ती कागदपत्रं लोकांसमोर आली २०१६ मध्ये. तोवर जवळजवळ पन्नास वर्षं गेली होती.

आपल्याकडे काय चाललंय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या मधल्या काळात जादा वजनाच्या स्त्रिया २०.६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर गेल्या, पुरुष १८.९ वरून २२.९ वर. समोसा शतकानुशतकं इथे आहे. दहा रुपयांच्या पाकिटांच्या माळा वाडीवस्तीवरच्या किराणा दुकानात लटकायला लागल्या त्या अलीकडे. हे एकच कारण आहे असं नाही. बैठं काम आहे, मैदानं गेली आहेत, घरातलं तेलही वाढलं आहे. पण बाकीच्या कारणांवर मोहिमा निघतात, तुमच्यावर समित्या बसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मसुदा आणला, पाकिटांना तारे देण्याचा. सर्वांत वाईट पदार्थालाही त्यात अर्धा तारा. विषयाची जाण असलेल्या कुणालाही हे पटेल का? इशारा द्यायचा तिथे तारा कसला देता? जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबी ठळक अक्षरांत छापण्याचा प्रस्ताव मंजूर झाला. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाकिटाच्या पुढच्या बाजूच्या इशाऱ्यांबाबत शिफारशी द्यायला तज्ज्ञ समितीला तीन महिने दिले, जुलैत आणखी तीन.

चिलीने असा घोळ घातला नाही. जून २०१६ पासून तिथे साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी मर्यादेबाहेर गेली की पाकिटाच्या तोंडावर काळा अष्टकोन छापावा लागतो. अशा पदार्थांची शाळेत विक्री बंद, पाकिटावरची कार्टूनं बंद. कायदा आल्यावर इशारा लागलेल्या गोड पेयांची घरगुती खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली, असं संशोधनात दिसलं. अष्टकोन टळावा म्हणून कित्येक कंपन्यांनी साखर आणि मीठ कमी केलं. म्हणजे त्यांना ते करता येत होतं. करायला लागेपर्यंत केलं नाही, एवढंच.

तुम्हाला पाठीवर कुणी बसवलं हे मला ठाऊक आहे. स्वतःहून तुम्ही हलणार नाही, हेही. नियमाने तुम्हाला इंग्रजी किंवा हिंदी पुरते, मराठी ऐच्छिक. माझं मागणं असं आहे: महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाच्या पुढच्या बाजूला, किमतीएवढ्या ठळक अक्षरांत, मराठीत छापा: ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’, ‘चरबी जास्त’. तारे नकोत, टक्केवारी नको. चौथीतल्या मुलाला दुकानाच्या पायरीवर उभं राहून वाचता आलं पाहिजे. आणि ते होत नाही तोवर दवाखान्यातल्या भिंतीवर वड्याशेजारी त्या आंब्याच्या खोक्याचंही चित्र लागलं पाहिजे. मी तसं डॉक्टरांना लेखी दिलं आहे. इतरांनीही आपापल्या दवाखान्यात आणि शाळेत द्यावं.

तुम्हाला न घाबरणारी,
एक ग्राहक