खात्री कशी बाळगावी : चाकण पट्ट्यातील शिकाऊ विद्यार्थ्यांसाठी

डिप्लोमा संपवून भोसरी, तळवडे किंवा चाकणला अप्रेंटिस म्हणून लागलेल्या मुलाला पहिल्याच पाळीत विचारले जाते, "नक्की ना?" उत्तर 'हो' असेच द्यावे. 'मला वाटतं' म्हणू नये; इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये वाटण्यासाठी रकाना नसतो. खात्री मागाहून मिळवता येते.

आधी प्रमाण निवडावे. न्यायसूत्रांनी चार सांगितली आहेत आणि चारही सीएनसी मशीनपाशी हजर असतात. मायक्रोमीटर लावून व्यास पाहिला, हे प्रत्यक्ष. कापतानाचा आवाज बदलला म्हणून इन्सर्ट गेला असे ओळखले, हे अनुमान. डोंगरावर धूर म्हणून अग्नी, त्याच जातीचे. रंगवलेला जॉब लिमिट सॅम्पलशेजारी धरला, हे उपमान. आणि "दादा ओके म्हणाले", हे शब्दप्रमाण. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानायचा. तो क्वालिटीत असता तर आतून पक्के आहेत की नाही हे पाहण्यासाठी त्याने सगळे वेल्ड तोडून पाहिले असते. खात्री शंभर टक्के झाली असती आणि डिस्पॅचला भंगार गेले असते.

शब्दप्रमाणाला आप्त लागतो. म्हणजे ज्याला स्वतः माहीत आहे आणि जो ते सरळ सांगतो असा माणूस. शॉपफ्लोअरवर हा शोध कठीण जातो. एकाला वीस वर्षांत मशीनची नाडी कळलेली असते, दुसऱ्याला सहीचा अधिकार असतो. दोन्ही एकाच माणसात सापडले तर कंपनी भाग्यवान.

प्रत्यक्षावर भिस्त ठेवणाऱ्यांनी मे महिना टाळावा. लांबीची मापे जगभर 20 अंश सेल्सियसला धरतात आणि चाकणच्या पत्र्याच्या शेडला हे कोणी कळवलेले नसते. पोलाद दर मीटरला, दर अंशाला सुमारे 11 ते 12 मायक्रॉन वाढते. म्हणजे 100 मिलिमीटरचा शाफ्ट 40 अंशांना साधारण 23 मायक्रॉनने लांब भरतो. टॉलरन्स 20 मायक्रॉनचा असेल तर आटोपलेच. गंमत अशी की मायक्रोमीटरही पोलादाचाच असतो. दोघे सारखेच तापलेले असले तर दोघांच्या चुका एकमेकींना खातात आणि उत्तर बरोबर येते. घात होतो तो गार खोलीतून आलेल्या मायक्रोमीटरने मशीनवरून नुकताच उतरलेला गरम जॉब मोजला तर. जॉब ॲल्युमिनियमचा असेल तर सारखे तापूनही उपयोग नाही, कारण ते पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढते. शास्त्र सांगते, जॉब मापनकक्षात ठेवून निवू द्यावा. डिस्पॅच सांगते, गाडी उभी आहे.

सगळ्या पाळीचे जॉब कोणी मोजत नाही. पहिला पीस मोजतात, शेवटचा मोजतात, अधूनमधून एखादा उचलतात. बाकीच्यांबद्दल श्रद्धा ठेवतात. देहू आणि आळंदी दोन्ही या पट्ट्याला लागून असल्याने तिची टंचाई नाही. मात्र "आजवर कधी रिजेक्ट आला नाही" हे वाक्य आजच्या जॉबबद्दल काहीच सिद्ध करत नाही. ह्यूम हे अठराव्या शतकात सांगून गेला. कस्टमर कंप्लेंट अजूनही सांगते.

आता अवघड पायरी. मायक्रोमीटर बरोबर आहे हे कशावरून? स्लिप गेजवरून. स्लिप गेज? मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन प्रयोगशाळेवरून. आणि ती? असे विचारत विचारत आपण नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या दारात पोचतो. नैयायिक याला अनवस्था म्हणत आणि दोष मानत. ऑडिटमध्ये याला ट्रेसेबिलिटी म्हणतात आणि ती नसली तर दोष मानतात. साखळीच्या टोकाला मीटरची व्याख्या आहे : प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदाच्या 29,97,92,458व्या भागात जेवढे अंतर कापतो तेवढे. 1983 पासून प्रकाशाचा वेग मोजण्याची बाब राहिलेला नाही. तो पॅरिसच्या परिषदेत ठरावाने कायम झाला आणि प्रकाशाने अद्याप हरकत नोंदवलेली नाही. तुमच्या बुशची खात्री शेवटी एका मंजूर ठरावावर टेकलेली आहे. सोसायटीच्या मीटिंगा पाहिलेल्यांना धास्ती वाटेल; पण हा ठराव सगळे पाळतात, एवढा फरक आहे.

म्हणून घाबरून सही अडवू नये. ठराव पाळला जातो तोवर चाकणचा बोल्ट चेन्नईच्या नटात बसतो आणि पगार होतो. फक्त एक काम करा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्रावर ± चिन्हापुढे अनिश्चितता छापलेली असते. कंपनीतल्या सगळ्या कागदांत आपल्याला किती ठाऊक नाही हे आकड्यात सांगणारा कागद बहुधा तेवढाच. तो फाइलमधून मागून घ्या, तारीख उलटलेली नाही ना ते बघा, आणि ± पुढचा आकडा वहीत उतरवून ठेवा.