बदलला बाप्पा तू!

माणूस गेला तर गाव तेराव्यापर्यंत सावरतं. माणूस बदलला तर मात्र गावाला सावरायला वर्षं लागतात. नांदगाव पेठच्या एखाद्या पानठेल्यावर घटकाभर उभं राहिलं की हे उमगतं. कुणी खर्रा सोडला, तर त्याचा निखळ आनंद त्याच्या बायकोखेरीज कुणालाच होत नाही. ठेल्यावरचे सोबती त्याच्याकडे असे पाहतात, की त्यानं खर्रा नव्हे, त्यांनाच सोडलं आहे. मग एखादा मायेनं पुडी पुढे करतो, ‘घे ना, थोड्याशानं काय होते?’ यानं हात जोडले की सुस्कारा येतो, ‘बदलला बाप्पा तू!’ हे वाक्य कौतुकाच्या सुरात म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. आणि गंमत अशी, की ते ऐकून त्या बिचाऱ्यालाही स्वतःचा संशय येऊ लागतो. गालात खर्रा धरून तासन्‌तास रंगणारा तो खरा, की रिकामं तोंड घेऊन उभा असलेला, एकही गोष्ट न सुचणारा हा?

वास्तविक बदल म्हणजे काय हे नांदगाव पेठला कुणी शिकवायची गरज नाही. अमरावतीहून नागपूरकडे निघालेल्या हमरस्त्यावरच्या या गावानं तुरी-पऱ्हाटीच्या वावरांलगत एमआयडीसी उभी राहताना पाहिली, कोळशावर 1350 मेगावॅट वीज करणारा प्रकल्प पाहिला, टेक्स्टाइल पार्क पाहिला. आजीनं वावरात कापूस वेचला; नातू त्याच कापसाच्या धाग्यावर नजर ठेवून पाळी भरतो. गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव, फोटो, हुद्दा. ते दाखवलं की कंपनीचं फाटक उघडतं. संध्याकाळी तो तसाच गोठ्यात शिरतो, तेव्हा बैल ते कार्ड हुंगतात आणि चाटायला लागतात. त्यांच्या लेखी तो कुटार घालणारा. हुद्दा वगैरे त्यांना कुणी कळवलेला नाही. मला त्या पोराचा हेवा वाटतो. कसलाही गाजावाजा न करता रोज तो एक माणूस खुंटीला टांगतो आणि दुसरा अंगावर चढवतो, आणि दोघेही अगदी खरे असतात.

आपण बाकीचे मात्र समजून चाललेलो असतो, की घराच्या भुईत पुरलेल्या मोहरांच्या हंड्यासारखा आपल्या आत कुठेतरी एक ‘अस्सल मी’ दडलेला आहे, आणि तो खणून काढला की झालं. खणायला माझी हरकत नाही. पण हाती लागतो तो बहुधा वडिलांचा राग, आजीनं घातलेली भीती, मास्तरांनी चौथीत मारलेला एखादा शेरा. सगळा माल दुसऱ्यांचा, आणि आपण त्यावर आपलं नाव घालून बसलेले.

याच जिल्ह्यातल्या शेंडगावात 23 फेब्रुवारी 1876 रोजी परिटाच्या घरी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांनी असली खणाखणी केल्याचं दिसत नाही. वडील दारूपायी गेले. आजोळी दापुऱ्याला गुरं राखली, शेती कसली, आणि मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना पाहिली. विचार तिथेच कुठेतरी बदलला असणार. नेमका कोणत्या दिवशी, ते कुणी टिपून ठेवलं नाही. विचार बदलताना आवाज होत नसतो. आवाज झाला तो मुलीच्या बारशाला. रिवाजानं त्या दिवशी मांस आणि दारू व्हायची. डेबूजींनी गोडाचं जेवण घातलं. ती पंगत मी कितीदा मनात पाहिली आहे. वऱ्हाडात वांग्याच्या भाजीवर तर्री कमी पडली तरी ते लग्न पुढच्या पिढीपर्यंत लक्षात राहतं. इथे तर सोयरे सकाळपासून घसा कोरडा ठेवून आलेले. पानावरच्या गोडाकडे ते कसे पाहत राहिले असतील! आणि यजमान तरी कुठे मोकळा असेल? केलं ते बरोबर ही खात्री एकीकडे, समोर वडीलधाऱ्यांचे उतरलेले चेहरे. नावं ठेवायची होती मुलीला, ठेवली गेली बापाला. नवा माणूस बहुधा असल्या पेचातच जन्माला येतो.

पुढे 1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा, जवळ एक गाडगं; लोक गाडगेबाबा म्हणू लागले. दिवसा गावाचे रस्ते झाडायचे, रात्री त्याच गावात कीर्तनाला उभं राहायचं. सकाळी ज्याला वेडा समजून भाकर दिली, तोच रात्री देवाबद्दल, कर्जाबद्दल, दारूबद्दल साधे प्रश्न विचारतो आहे, हे पाहून गावाची केवढी पंचाईत होत असेल. पाया पडायला वाकलेल्यांना ते काठी दाखवत. जुनी ओळख त्यांनी टाकली होती, आणि लोकांनी हौसेनं आणलेली नवी, संतपणाची, तीही अंगाला लावून घेतली नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, प्रवासातच त्यांचा देह पडला. आज अमरावतीच्या विद्यापीठाच्या पदव्यांवर त्या शाळा न शिकलेल्या माणसाचं नाव असतं. पोरं ते चौकट करून भिंतीला लावतात. खराटा मात्र दाराआड राहतो.

आपल्या वाट्याला एवढं मोठं काही येत नाही. माझे एक काका जमदग्नी म्हणून साऱ्या गोतात प्रसिद्ध होते. निवृत्तीनंतर एके दिवशी त्यांनी ठरवलं, रागवायचं नाही. घर हादरलं. ताक आंबट झालं असताना ‘छान झालं’ म्हणाले, तर काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. आठवड्याभरानं त्या रडकुंडीला आल्या, ‘एकडाव ओरडा ना हो, घर कसं सुनं सुनं लागते!’ काकांचं शांत बोलणं सुरुवातीला पाठ केलेल्या भाषणासारखंच होतं, मुठी तर आवळलेल्याच असत. सगळे म्हणत, नाटक आहे. पण वर्षं गेली आणि मुठी कधी सैल झाल्या हे कुणाच्या, त्यांच्याही, ध्यानात आलं नाही. नंतर जन्मलेल्या नातीला कुणी सांगितलं, की तुझे आजोबा रागानं ताटं भिरकावत, तर ती पोट धरून हसते. तिच्या दृष्टीनं ही निव्वळ थाप. तिला भेटले ते आजोबा पहिल्यापासून अस्सल आहेत, आणि मला वाटतं, तिचंच खरं आहे.

जुनं वागणं सहज जमतं, म्हणून ते आपलं खरं रूप ठरत नाही. ते फक्त सरावाचं असतं. डोक्यातला विचार हातापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात माणूस थोडा ढोंगी दिसतोच, आरशातसुद्धा. माझ्या लेखी त्याच्या आयुष्यातला सगळ्यात प्रामाणिक काळ तोच. तेव्हा तुमच्या घरात कुणी असं अवघडत बदलू पाहत असेल, तर त्याच्या नाटकाला हसू नका, आणि मधेच उठून ‘तू खरा कोण?’ असंही विचारू नका. त्याला जरा वेळ द्या.