मिट्ठू मियाँची ओपीडी

पोपटाला या देशात पोलीस चटकन भेटतात, डॉक्टर भेटता भेटत नाही. वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं काढून पाहावीत. ऑगस्ट २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा पोलीस ठाण्यात ‘हरियल’ नावाच्या पोपटाला समक्ष हजर करण्यात आलं. हा पोपट आपल्याला पाहिलं की शिव्या देतो आणि त्या त्याला मुद्दाम शिकवल्या आहेत, अशी ८५ वर्षांच्या एका आजींची तक्रार होती. पोलिसांनी पोपट आणि फिर्यादी यांना आमनेसामने आणलं. हरियलनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. वकील न लावता इतकं शहाणपण दाखवणारा आरोपी त्या ठाण्यानं क्वचितच पाहिला असेल. शेवटी त्याची रवानगी वनखात्याकडे झाली. मग ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात शिवाजीनगर भागातल्या एका ज्येष्ठ नागरिकानं शेजाऱ्याचा पोपट सतत ओरडतो, शिट्ट्या मारतो म्हणून खडकी पोलिसांत धाव घेतली आणि अदखलपात्र का होईना, नोंद झाली.

उत्तर प्रदेशानं तर याहून पुढची मजल मारली. आग्र्यात २०१४ साली एका घरात खून झाला. घरातला पोपट पुतण्याचं नाव काढलं की अस्वस्थ व्हायचा, त्यावरून घरच्यांचा संशय बळावला आणि तपास तिकडे वळला. २०२३ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. पोपटाची साक्ष अर्थातच पुराव्यात धरली गेली नाही, कारण कायद्यात तशी सोय नाही. आणि निकाल लागला तेव्हा तो हयातही नव्हता.

फिर्याद, संशय, साक्ष या साऱ्यांत पोपट चालतो. मात्र त्याच पोपटाचं नाक वाहायला लागलं, पिसं गळायला लागली, तो पिंजऱ्याच्या तळाशी अंग फुगवून बसला, तर काय करायचं? हा प्रश्न लखनौत विचारून पाहावा. नवाबांचं शहर, पाखरांचं वेड तिथं रक्तात. अब्दुल हलीम शरर यांनी जुन्या लखनौवर लिहिताना कोंबड्यांच्या, बटेरांच्या झुंजींना आणि कबूतरबाजीला पानंच्या पानं दिली आहेत. कबुतरांसारखे पोपट उडवणाऱ्या शौकिनांचीही त्यांनी दखल घेतली आहे. नवाब वाजिद अली शाहनं रेशमी पंखांच्या कबुतरांच्या एका जोडीला २४ हजार आणि पांढऱ्या मोरांच्या जोडीला ११ हजार रुपये मोजले, असंही शरर सांगतात. एकोणिसाव्या शतकातले रुपये, हे ध्यानात घ्यावं. इंग्रजांनी १८५६ मध्ये अवध खालसा केलं, नवाब कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेला आणि तिथंही त्यानं प्राणिसंग्रहालय थाटलं. राज्य गेलं, पाखरं राहिली. लखनौच्या ज्या प्राणिसंग्रहालयाला आज त्याचं नाव आहे, ते मात्र १९२१ साली उभं राहिलं प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी. म्हणजे पाखरांवर जीव टाकणारा एक आणि पाटी दुसऱ्याची, हे बरीच वर्षं चाललं.

शिवाय हा मुलूख हीरामनचा. मलिक मुहम्मद जायसीच्या १५४० च्या सुमाराच्या ‘पद्मावत’मध्ये राणीचं रूप राजाला वर्णून सांगणारा, वाट दाखवणारा, सल्ला देणारा जो पंडित पोपट आहे तो हीरामन, आणि जायसीचं जायस लखनौहून काही तासांच्या अंतरावर. पाच शतकांपूर्वी इथल्या पोपटाला मंत्र्याचा दर्जा होता. त्याच्या वारसाला आज दवाखान्यात कुत्र्यांच्या रांगेत बसवतात.

रांग पाहण्याजोगी असते. डावीकडे लसीसाठी आलेला लॅब्राडोर, उजवीकडे टोपलीत गुरगुरणारी पर्शियन मांजर, आणि मधे मांडीवर पिंजरा घेतलेला गृहस्थ. पिंजऱ्यावर बायकोचा जुना दुपट्टा. हे झाकणं मात्र अगदी बरोबर. आजारी पक्ष्याला अंधार, ऊब आणि शांतता हवी असते. त्या दुपट्ट्याला लॅब्राडोर नाक लावतो, आतून एक किंकाळी येते, आणि ‘पहले आप’चं शहर पहिल्यांदाच मनापासून कुणाला तरी पुढे जाऊ देतं.

डॉक्टर भला माणूस असतो. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यात गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, घोडा, कुत्रा असं सगळं गोत येतं. पक्षी म्हणाल तर कोंबडी. तीही बहुधा हजारोंच्या संख्येनं, म्हणजे एक मेली तर बाकीच्यांचं काय, एवढाच प्रश्न. एकट्या मिट्ठूला घेऊन कुणी येईल आणि रडवेल्या आवाजात ‘काल संध्याकाळपासून बोलला नाही’ म्हणेल, याची तयारी अभ्यासक्रमानं फारशी करून घेतलेली नसते. मग काही डॉक्टर प्रामाणिकपणे हात जोडतात. काही जण नखं कापून देतात. आणि मोजके काही, स्वतःच्या हौसेनं शिकलेले, किचनमधला ग्रॅमचा काटा टेबलावर ठेवतात.

तिथून पुढे खरं वैद्यक सुरू होतं. गळ्यात गुलाबी-काळी कंठी असलेला आपला नेहमीचा राघू भरतो साधारण १२० ग्रॅम, म्हणजे म्हशीच्या तीन हजाराव्या हिश्शाहूनही कमी. म्हशीच्या गोळीला तीन हजारांनी भागायचं, असा हिशेब कुणी केला तर पक्षी देवाघरी. रक्त काढायचं तर वजनाच्या एक टक्क्यापर्यंत, म्हणजे जेमतेम १ मिलीलिटर. धरायचंही शास्त्र आहे. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली तरच हवा आत-बाहेर होते. घाबरलेल्या मालकानं प्रेमानं छातीशी आवळून धरला की तो गुदमरतो. म्हणून डॉक्टर टॉवेलात गुंडाळतो, दोन बोटांत मान सांभाळतो आणि छाती मोकळी सोडतो. मग उरोस्थीवर बोट फिरवतो. दोन्ही बाजूंचं मांस उतरून हाड धारेसारखं लागलं, तर दुखणं कालचं नाही, कित्येक आठवड्यांचं आहे. पोपट आजार लपवतो. थव्यात जो आजारी दिसतो त्यालाच ससाणा आधी टिपतो, म्हणून निसर्गानं त्याला हे नाटक शिकवलंय. मालक म्हणतो, ‘परवापर्यंत ठणठणीत होता.’ तो ठणठणीत दिसत होता, हे खरं.

नंतर विष्ठा. हिरवट भाग वेगळा, पांढरा चुन्यासारखा वेगळा, पाणी वेगळं. या तिघांचं प्रमाण बिघडलं की यकृत, मूत्रपिंड, पोट यांतलं कोण तक्रार करतंय याचा माग लागतो. जाणते डॉक्टर सांगतात की पिंजऱ्यात अंथरलेला कागद घडी न घालता घेऊन या. तो कागद बहुतेक घरांत वर्तमानपत्राचा असतो. मराठी असो, हिंदी असो, उपहासात्मक सदराचा इतका उपयोग दुसऱ्या कुठल्या वाचकानं करून घेतल्याचं ऐकिवात नाही.

आता आहार. ‘काय खातो?’ या प्रश्नाला लखनौत एकच उत्तर मिळतं: सूर्यफुलाच्या बिया, भिजवलेली चणाडाळ, मिरची, आणि ‘जे आम्ही खातो ते’. शेवटच्या चार शब्दांत चहात बुडवलेलं बिस्कीट, पराठा, जिलेबी असं सारं येतं. सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर, अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मात्र नावाला. वर्षानुवर्षं तेच खाल्लं की नाकातोंडाच्या आतलं अस्तर खराब होतं, यकृत सुजतं. गंमत अशी, की पाहुण्यांना हसवायला जी मिरची खायला घालतात तीच त्या ताटातली सगळ्यात औषधी वस्तू. तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन पक्ष्यांना जाणवतच नाही, आणि अ जीवनसत्त्वाची भर तिच्यातूनच पडते. पिंजरा स्वयंपाकघरात टांगणाऱ्यांना डॉक्टर आणखी एक धडा देतात: नॉनस्टिक तवा रिकामा, फार तापला तर त्याची वाफ माणसाला कळणारही नाही, पण पोपटाला काही मिनिटांत मारू शकते. ॲव्होकाडोही विष. हा शेवटचा सल्ला लखनौच्या जुन्या गल्ल्यांत तूर्त फारसा लागू नाही. गोमतीनगरात लागू आहे.

इतकं सगळं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की पक्ष्यांचं विज्ञान उत्तर प्रदेशात नाहीच. तसं नाही हो! बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे, आणि तिचा जन्म तर आपल्या पुण्यातला. १८८९ साली इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी म्हणून ती पुण्यात सुरू झाली, १८९३ मध्ये कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला गेली आणि पुढे इज्जतनगरला स्थिरावली.   त्याच इज्जतनगरात १९७९ पासून केंद्रीय पक्षी संशोधन संस्थाही आहे. नाव वाचून मिट्ठूचा मालक हुरळतो. तिथं संशोधन चालतं कोंबडी, टर्की, गिनी फाउल आणि बटेर यांच्यावर. नवाबांनी जो बटेर मुठीत खेळवून झुंजीला सोडला, त्याच्या जपानी भावाला शास्त्रज्ञांनी अंडी आणि मांसासाठी पैदाशीला लावलं. ज्याची भाजी होत नाही त्या पक्ष्यावर सरकारी पैसा खर्च होणं अवघड, हे समजण्यासारखं आहे.

कायदा काय म्हणतो, ते मालकाला सहसा दवाखान्याच्या पायरीवर कळतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपले देशी पोपट संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राघू दुसऱ्या परिशिष्टात आहे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. पाळणंही गुन्हा, त्याला तुरुंगवास आणि दंड. मे २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं पक्ष्यांना आकाशात उडण्याचा मूलभूत हक्क असल्याचं मत नोंदवलं. आणि जुन्या लखनौतल्या नक्खासच्या चिडिया बाजाराची ख्याती त्यानंतरही कुणाला समजावून सांगावी लागत नाही. भारतातल्या देशी पोपटांच्या बारा जातींपैकी आठ बेकायदा बाजारात नेहमी आढळतात, असं वन्यजीव व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक या संस्थेचं म्हणणं. ढोलीतून काढलेली पिल्लं, डोळे नीट उघडायच्या आधी. त्यांतली कित्येक वाटेतच मरतात. त्यांचं कुठलंच रजिस्टर नसतं.

त्याच रांगेत एखादा मकाव येऊन बसला की कायद्याची खरी मजा कळते. निळा-पिवळा, दक्षिण अमेरिकन वंशाचा, किंमत लाखाच्या घरात. तो कायदेशीर! फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार अशा विदेशी जिवांची सरकारी परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची, आणि मालकानं ताठ मानेनं हिंडायचं. ॲमेझॉनच्या जंगलातला पाहुणा कागदपत्रांसह बसलेला आणि मलिहाबादच्या आंब्यावरचा भूमिपुत्र दुपट्ट्याखाली लपलेला. वन्यजीवांच्या जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या साइट्स करारानं तर जवळपास सगळे पोपट यादीत घातले आणि ज्या चार जातींना वगळलं त्यांत आपला राघू आहे, कारण जगात त्याला तोटा नाही. लंडनच्या बागांत त्याचे थवे आहेत. तिथं तो परदेशी उपद्रवी, इथं संरक्षित वन्यजीव, नक्खासमध्ये माल आणि दवाखान्यात ‘एक्झॉटिक’. एवढ्या भूमिका करून त्याची पिसं गळली तर नवल काय.

पैसा नाही, असंही म्हणायला जागा नाही. २०२२ मध्ये कर्नाटकातल्या तुमकुरूचा एक आफ्रिकन ग्रे पोपट हरवला, तर मालकानं ५० हजारांचं बक्षीस लावलं आणि सापडल्यावर शोधणाऱ्याला ८५ हजार दिले. हरवलेल्या पोपटासाठी माणूस इतका देतो. घरातल्या पोपटाच्या एक्स-रेसाठी मात्र ‘एवढ्यात तर दुसरा येईल’ हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि कुठून येईल ते सांगावं लागत नाही.

डॉक्टर कधी मालकालाच विचारतो, ‘घरात कुणाला ताप, कोरडा खोकला?’ मालकाला वाटतं, चौकशी सौजन्याची. प्रत्यक्षात पोपटांकडून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. १९२९-३० मध्ये त्यानं अनेक देशांत अशी घबराट पसरवली, की अमेरिकेचे अध्यक्ष हूवर यांनी जानेवारी १९३० मध्ये पोपटांच्या आयातीवरच बंदी घातली. एरवी घराघरांत लाडका असलेला पक्षी काही आठवड्यांत राष्ट्राचा शत्रू ठरला.

मग केसपेपर भरला जातो. नाव: मिट्ठू. लिंग: रकाना रिकामा. कंठी फक्त प्रौढ नराला येते, आणि अनेक मिट्ठूंनी वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी अंडं घालून घरच्यांना चाट पाडलं आहे. वय: ‘अकरा-बारा असेल.’ मालकाचं नाव?

इथं गृहस्थ दचकतो. ‘मालक म्हणजे तसा मी नाही, डॉक्टरसाहब. हा आपणहून गॅलरीत आला होता.’ देशभरच्या दवाखान्यांत येणारे हिरवे पोपट असेच आलेले असतात. पैसे देऊन आणलेला एकही नसतो. डॉक्टर दुपट्टा बाजूला करतो. दोन्ही पंखांची उड्डाणपिसं कात्रीनं नीट, सारख्या लांबीची कापलेली. ‘उडत आला?’ ‘जी, उडतच.’ डॉक्टर मालकाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारतो, दिवसाला दोन वेळा दोन थेंब लिहून देतो, सूर्यफूल बंद करायला सांगतो आणि म्हणतो, पुढच्या मंगळवारी या पाहुण्यांना परत घेऊन या, येताना खालचा कागद आणायला विसरू नका.