लास्ट किती?

मध्यंतरी एकदा रात्री साडेअकरा वाजता मी एका अनोळखी चित्रकर्तीला मेसेज पाठवला. मेसेज एकाच शब्दाचा होता : ‘लास्ट?’

हा शब्द ज्यांना उद्धट वाटला, त्यांनी बाजार पाहिलेला नाही. माझं शिक्षण पुण्याच्या तुळशीबागेत, आत्याच्या हाताखाली झालं. आत्याची पद्धत शास्त्रशुद्ध. वस्तू आवडली की आधी चेहरा पाडायचा. मग ती उलटीसुलटी करून एक खोट काढायची. दुकानदार 300 म्हणाला की आपण 100 म्हणायचं. त्याने कपाळाला हात लावला की पाठ फिरवून चालू लागायचं. चौथ्या पावलाला हाक येतेच : ‘ओ ताई, या, भवानीची वेळ आहे, काय द्यायचं ते द्या!’ तिसऱ्या पावलाला मागे वळून बघणारं गिऱ्हाईक कच्चं, आणि पाचव्या पावलालाही हाक न मारणाऱ्या दुकानदाराचा भाव खरा.

हेच शास्त्र मी इन्स्टाग्रामवर लावलं. चित्र होतं वाईजवळच्या मेणवलीच्या घाटाचं. जलरंगातलं. कृष्णेचं पाणी, उतरत्या पायऱ्या, वर नाना फडणवीसांच्या वाड्याची भिंत. त्या घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. ती 1739 मध्ये घासाघीस न करता मिळवली होती, पण ती पद्धत आता चालत नाही.

‘नमस्कार, कोणतं चित्र?’ उत्तर आलं.

‘घाटवालं.’

‘8,500 रुपये. 15 बाय 22 इंच, मूळ चित्र, प्रिंट नाही. कुरिअर धरून, फ्रेमशिवाय.’

‘3,000 फायनल करू?’

एवढं टाइप करून मी नियमाप्रमाणे पाठ फिरवली. म्हणजे फोन पालथा ठेवला. चार पावलं चाललो, फ्रिजपर्यंत. पाणी प्यायलो. परत येऊन बघतो तर मेसेजखाली ‘सीन’ आणि पुढे सामसूम. ऑनलाइन बाजाराची हीच मोठी खोट आहे : पाठ फिरवली तरी ती समोरच्याला दिसत नाही. मी वीस मिनिटं रुसून बसलो होतो आणि तेवढ्यात बाईंनी स्टोरीला आपल्या मांजराचा फोटो टाकला होता.

मग मलाच पुढचं अस्त्र काढावं लागलं. ‘माझी भाची पण छान काढते.’

‘अरे वा. मग घरातच सोय आहे.’

हे अस्त्र उलटलं. दुसरं काढलं. गॅलरी विकलेल्या चित्रामागे तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम कमिशन म्हणून घेते, हे मी कुठेतरी वाचून ठेवलं होतं. ‘मधे गॅलरी नाही, म्हणजे तुमचं कमिशन वाचलं. ते मला द्या.’

‘ते कमिशन फोटो काढणारी, पुठ्ठे कापणारी, कुरिअरच्या रांगेत उभी राहणारी आणि रात्री बारा वाजता उत्तरं देणारी बाई घेते. ती मीच.’

तिसरं अस्त्र प्रसिद्धीचं. ‘आमच्याकडे गणपतीत दीडशे माणसं येतात. सगळ्यांना तुमचं नाव सांगेन.’

‘पूजेच्या गुरुजींनाही दक्षिणा अशीच देता का?’

आता मात्र मी ब्रह्मास्त्र काढलं. ‘किती वेळ लागला हो हे काढायला?’ या प्रश्नात भलेभले अडकतात. खरं सांगितलं तर तासाचा हिशेब होतो, खोटं सांगितलं तर मन खातं. बाईंनी खरं सांगितलं : तीन तास. मी कॅल्क्युलेटर उघडणार, तेवढ्यात पुढची ओळ आली.

‘त्याआधी चार कागद वाया गेले. ते चारही 3,000 मध्ये देते. घेता?’

खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. नग साडेसातशे पडत होता.

मग त्यांनीच दोन ओळींत समजावलं. जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. पायरीवरचं ऊन हे मुद्दाम कोरं सोडलेलं असतं. तिथे एकदा रंग गेला की पहिल्यासारखं पांढरं होत नाही. कागद फाडायचा आणि पुन्हा बसायचं. म्हणजे मी ज्या उन्हावर भाळलो होतो, ते त्यांनी काढलेलंच नव्हतं, राखलेलं होतं. न काढलेल्या भागाचे पैसे का द्यायचे, हा मुद्दा मला लगेच सुचला. तो टाइपही केला. पण पाठवण्याआधी मला आमचा प्लंबर आठवला. मागच्या आठवड्यात त्याने बारा मिनिटांत नळ बदलून 700 रुपये घेतले होते, आणि मी त्याला तासाचा हिशेब न विचारता ‘चहा घेणार का?’ असं विचारलं होतं.

आणि हा मीच, ज्याने मार्च 2025 मध्ये घरच्या ग्रुपवर ‘अभिमानास्पद!’ असं लिहिलं होतं. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ तेव्हा न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 118 कोटींना गेलं. 1954 मधलं ते चित्र त्याच वर्षी एका परदेशी डॉक्टरने दिल्लीत 1,400 रुपयांना घेतलं होतं. जवळजवळ 14 फूट लांब! तिथे मी असतो तर आधी विचारलं असतं, ‘सोफ्यामागे बसेल असं अर्धं देता का, 600 मध्ये?’ चित्रकार गेल्यावर भाव चढला की आपली छाती फुगते. तो हयात असताना स्वतःचा भाव सांगतो, तेव्हा मात्र आपल्याला ‘लास्ट’ आठवतं.

रात्री एक वाजता मला आत्याच्या शास्त्रातली गोम कळली. तुळशीबागेतला दुकानदार दीडशेची वस्तू 300 सांगतो. आपण घासाघीस करणार हे धरूनच तो भाव लावतो. कपाळाला हात, चार पावलं, मागून हाक, सगळं त्या वरच्या दीडशेत बसलेलं असतं. तो दोघांचा खेळ आहे. बाईंनी भावात खेळाचे पैसे धरलेच नव्हते. त्यांचं पाचवं पाऊल पहिल्या मेसेजलाच होतं.

तेव्हा शास्त्रात दुरुस्ती सुचवतो. ऑनलाइन चित्र घेताना आधी नमस्कार लिहावा. मूळ की प्रिंट, कागद कोणता, पॅकिंग कसं, हे खुशाल खोदून विचारावं. त्यात कमीपणा नाही. पैसे कमी पडत असतील तर ‘माझ्याकडे 6,000 आहेत, त्यात लहान चित्र किंवा दोन हप्ते जमतील का?’ असं एकदाच विचारावं, आणि ‘नाही’ आलं तर ते उत्तर समजावं. अगदीच झेपत नसेल तर प्रिंट घ्यावी. राजा रविवर्मांनी मुंबईत 1894 मध्ये छापखाना काढला, तेव्हापासून भिंतीवरच्या छापील चित्राची कुणी लाज धरलेली नाही. आणि व्यवहार ठरल्यावर ‘फ्रेम तुमच्याकडून ना?’ हे वाक्य गिळून टाकावं. मला ते गिळताना त्रास झाला, पण जमलं.

सकाळी मी 8,500 पाठवले. पाचव्या दिवशी चित्र आलं. दोन पुठ्ठ्यांच्या मधे, चारही कोपऱ्यांना जाड टोप्या, मागे पेन्सिलीने सही आणि तारीख. भिंतीवर लावलं. दुपारी त्या पायऱ्यांवर खरंच ऊन पडल्यासारखं दिसतं.

रविवारी आत्या आली. बराच वेळ चित्राकडे बघत उभी राहिली. चेहरा पडलेला होता, म्हणजे आवडलं होतं.

‘कितीला आणलंस?’

‘तीन हजार,’ मी म्हणालो.

‘फसलास. मी दीड हजारात आणलं असतं.’

वाचकहो, आत्या हे सदर वाचत नाही. खरा आकडा कुणी तिच्या कानावर घालू नये, ही विनंती.