नगरी डाएट : नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे

आधी वजन करा. घरात काटा नसेल तर मार्केट यार्डातल्या काट्यावर मात्र उभे राहू नका. तिथला आकडा हमालापासून अडत्यापर्यंत सगळ्यांना कळतो आणि संध्याकाळपर्यंत सासुरवाडीलाही.

मग आजीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला शिका. बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी हे सारं गावठी म्हणून बाजूला सारा आणि ओट्सचं चकचकीत पाकीट आणा. पाकिटामागे फायबर किती ते छापलेलं असतं. भाकरीवर काहीच छापलेलं नसतं, तेव्हा तिच्यात काही नसणारच. थोडी कळ काढलीत तर तीच बाजरी मिलेट होऊन दुप्पट दराने तुमच्याकडे परत येईल. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष भरडधान्यांच्या नावे केलं, तेव्हापासून शहरात तिचा मान वाढलाय. बाजार समितीत भाव वाढला का, हे पिकवणाऱ्याला विचारू नये. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडे तर चुकूनही जाऊ नका. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे वाल-घेवडे पाहिलेत की ओट्सवरची श्रद्धा डळमळते.

साखर सोडण्याची प्रतिज्ञा जरूर करा, फक्त नगर जिल्ह्याबाहेर जाऊन. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून 1950 साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, मग आसपास धुराड्यांची रांगच लागली. सभासदाची सवलतीची साखर घरात येऊन पडलेली असताना बिनसाखरेचा चहा मागणं म्हणजे थेट वडिलांच्या शेअरचा अपमान.

व्यायाम म्हणून कळसूबाई चढा. उंची 1646 मीटर, महाराष्ट्रात सर्वात जास्त. शिड्यांवर फोटो काढा, उतरल्यावर बारी गावात पिठलं-भाकरीवर ताव मारा आणि जळालेलं सगळं तिथल्या तिथे भरून काढा. (एक खरी गोष्ट हळूच सांगतो : आजोबांच्या ताटातही हीच भाकरी होती, पण तिच्या मागेपुढे दिवसभराचं खुरपणं असायचं. आपण भाकरी ठेवली, खुरपं ठेवून दिलं.)

आता मनाची तयारी. सोमवारपासून सुरू करायचं हे सगळ्यांनाच जमतं. खरी परीक्षा रविवारी मावशीकडे. ती म्हणणार, “किती वाळलास रे! घे, अर्धीच वाढते.” नाही म्हणालात तर तिच्या हाताला चव राहिली नाही, असा अर्थ निघून फोन थेट आईला जातो. दोनदा नाही म्हणालात तर डॉक्टरला दाखवलं का, अशी चौकशी सुरू होते. म्हणून नवशिक्याने वाद घालू नये. हो म्हणावं, पण त्याआधी परातीत थापलेली भाकरी केवढी आहे ते पाहून घ्यावं. मावशीचं अर्धं पुण्याच्या दोन पोळ्यांना भारी पडतं, आणि त्यावर तूप ती विचारून वाढत नाही.