पनकाका

देसाईगंजला, म्हणजे आमच्या वडशाला, किराणा दुकानांच्या रांगेत नाटक कंपन्यांच्या पाट्या दिसतात. त्यातल्या एका पाटीखाली काका बसलेले असतात. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर त्यांनी तीस वर्षं खलनायक केला. दिवाळी झाली की गावोगाव नाटक, तेही रात्रभर, होळीला सुट्टी.

पोरं त्यांना पनकाका म्हणतात. कोणाचंही काम पाहिलं की काका आधी तोंडभरून वाखाणतात, मग सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतात आणि म्हणतात, "पन..." झाडीबोलीत 'ण'ला थारा नाही, तसा काकांकडे निव्वळ कौतुकालाही नाही.

माझ्या भाच्यानं नोव्हेंबरात मोबाइलवर बारा मिनिटांची शॉर्टफिल्म केली. मोहफुलं वेचणाऱ्या सुनेची गोष्ट. झाडीपट्टीच्याच रंगभूमीवरच्या परशुराम खुण्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली त्या बातमीचं कात्रण काकांच्या भिंतीवर आहे. त्याच्याखाली लॅपटॉप मांडला.

"मस्त झाला पिक्चर," काका म्हणाले. भाचा खुलला. सुपारी सरकली. "पन मानूस चादर आथरून बसते न बसते, तं संपला. इंटरवल कुठी हाय?"

पुढच्या पाव तासात सुनेला दारुडा दीर मिळाला, दिराला विनोदी दोस्त, दोस्ताला दोन लावण्या. बारा मिनिटांची पहाट झाली. भाचा आधी वहीत लिहून घेत होता, दुसऱ्या लावणीला त्यानं पेनाला टोपण लावलं.

मी खिडकीकडे तोंड करून हसत होतो. तेवढ्यात काकांनी पिक्चर मागे घ्यायला लावला. वेचणीचा शॉट. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला.

"हे फुलं पडले का पेरले?"

भाचा गप्प. नोव्हेंबरात मोह कुठला? घरच्या डब्यातली सुकी फुलं त्यानं झाडाखाली टाकली होती. तपकिरी, मनुक्यांसारखी. ताजं मोहफूल फिकट पिवळसर, रसानं टम्म, आणि ते गळतं पहाटे. पडद्यावर तर ऊन कललेलं. वर झाड हिरवंगार, खाली पाचोळ्याचा थर.

"मोह पडते तवा झाडाले पान नसते, बाबू. आपल्या बाया आधी खालचं साफ करतेत. पाचोळ्यात फुल दिसन का? अन् तुयी हिरोईन पडलेले पैसे उचलल्यावानी उचलून रायली. वेचून वेचून कंबर धरते, ते दिसू दे ना. पुन्यामुंबईवाल्याले नाही समजनार. पन आपली डोकरी पाहाले बसली, तं उठून जाईन."

भाच्यानं टोपण काढलं.

"होळी झाली का मी मोकळा," काका म्हणाले. "मोहही तवाच पडते."

आणि खरोखर आले. अंधार पुरता सरला नव्हता, झाडाखालची जमीन झाडून ठेवलेली, फुलं टपटप पडत होती. काका टोपलं घेऊन कॅमेऱ्यासमोर शिरले, वाकून कसं वेचायचं ते नायिकेला दाखवलं. पाच-सहा फुलं फार सुंदर वेचली. मग तीस वर्षांची सवय उसळली. ताठ उभे राहिले, छाती काढली आणि सुनेचं कुजबुजीतलं वाक्य असं फेकलं की फांदीवरचे होले उडाले.

"मागपर्यंत गेला का आवाज?"

मागे शेजारच्या झाडाखाली दोन बाया वाकलेल्या होत्या. त्यातली एक मान वर न करता म्हणाली, "गेला जी. वाघापर्यंत गेला."