परिपत्रकवाले काका

रामवाडीत फुटबॉल पाहणारे थोडे, खेळणारे त्याहून थोडे. पण फुटबॉलचे नियम सांगणारे काका मात्र पुरेसे आहेत. म्हणजे एकच आहेत.

रायगडचा हा मुलूख कबड्डीचा आणि टेनिस बॉल क्रिकेटचा. पावसाळ्यात पिचचं तळं झालं की पोरं फुटबॉल बाहेर काढतात आणि काका छत्री. एसटीचं विभागीय कार्यालय रामवाडीतच असल्यामुळे इथे निवृत्त कारकुनांचा तोटा नाही, काका त्यांतलेच. उभा जन्म परिपत्रकं फाइलला लावण्यात गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही वाचायला काहीतरी लागतंच. कुणी ज्ञानेश्वरी लावतं. काकांना फुटबॉलचे 17 नियम सापडले. त्यातही 13 वा, फ्री किकचा, आणि 14 वा, पेनल्टीचा, हे दोन त्यांचे विशेष लाडके.

खेळाशी त्यांचं तसं देणंघेणं नाही. मेस्सी डावखुरा आहे, हे त्यांना नातवाने सांगितलं. पण पेनल्टीचा चेंडू पोलला लागून परत आला, तर मारणाऱ्याने त्याला पुन्हा पाय लावायचा नाही, दुसऱ्या कुणाला लागेपर्यंत थांबायचं, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. थांबला नाही तर समोरच्या टीमला इनडायरेक्ट फ्री किक. फ्री किकलाही हाच कायदा. मात्र गोलकीपरला लागून आला तर खुशाल मारा. 2005 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला इस्तंबूलमध्ये लिव्हरपूलने मिलानची तीन गोलांची आघाडी पुसून काढली, ते पाहून जग वेडं झालं. काकांच्या लेखी त्या रात्री एकच गोष्ट घडली: झाबी अलोन्सोची पेनल्टी दिदाने अडवली, चेंडू परत आला आणि अलोन्सोने तो आत मारला. “दिदाचा हात लागला म्हणून गोल धरला. पोलला लागून आला असता तर?” एवढं विचारून ते चहाचा घोट घेतात. हे ‘तर’ त्यांना कपापेक्षा प्यारं आहे.

“आपल्याच गोलात थेट फ्री किक मारली तर काय देतात?” हा त्यांचा दुसरा आवडता प्रश्न. उत्तर कॉर्नर. एकदा एका पोराने विचारलं, “काका, पण आपल्याच गोलात मारेल कोण?” काका म्हणाले, “अरे, नियम केलाय म्हणजे कुणीतरी मारली असणार. परिपत्रक उगाच निघत नाही.”

परिपत्रकावर त्यांची श्रद्धाच आहे. मार्च 2025 मध्ये रिआल माद्रिदविरुद्ध शूटआउटमध्ये ॲटलेटिकोच्या हुलियान अल्वारेझचा पाय घसरला. चेंडूला त्याचे दोन्ही पाय लागले म्हणून आत गेलेला गोल रद्द झाला आणि ॲटलेटिको हरलं. पुढे नियम करणाऱ्यांनी खुलासा काढला, की असं चुकून घडलं आणि चेंडू आत गेला तर किक पुन्हा घ्यावी. अर्ध्या माद्रिदला तो उशिरा आलेला न्याय वाटला असेल. काकांना शुद्धिपत्रक निघाल्याचा आनंद झाला. पेनल्टी किक 1891 ची आणि मुंबईचा रोव्हर्स कपही 1891 चाच, यात कुणाचा तरी हात आहे, असंही त्यांचं मत आहे. कुणाचा, ते सांगत नाहीत.

त्यांचं खरं दुःख वेगळंच. रामवाडीच्या पोरांचे गोल म्हणजे दोन-दोन चपला. चपलेला लागून चेंडू परत येत नाही. एवढा मोलाचा नियम आणि तो लावायची सोय नाही! शेवटी गणपतीच्या मांडवाचे उरलेले बांबू मागून आणून काकांनी स्वतः उभे राहून ते पुरून घेतले. पोरांना वाटलं, काकांना खेळाची गोडी लागली.

पुढच्याच रविवारी योग आला. पेनल्टी. चेंडू खणकन बांबूवर आपटून परत आला आणि मारणाऱ्याने तोच पुन्हा आत ढकलला. “गोल!” म्हणून ओरडा झाला. काका छत्री मिटून चिखलात उतरले. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच: सगळे ओरडताहेत आणि खरं काय ते एकट्यालाच ठाऊक. “गोल नाही! इनडायरेक्ट!” त्यांनी हात वर केला. नियम समजावून सांगितला. शेवटी रीतसर चौकशी म्हणून गोलकीपरला विचारलं, “मधे तुला लागला नव्हता ना?”

“लागला ना काका! बोट लागलं म्हणून तर बांबूवर गेला. नाहीतर सरळ आत होता.”

“नीट आठव बाळा. लागला नसेल तर तुझ्याच टीमचा फायदा आहे.”

“फायदा गेला खड्ड्यात. मी अडवलाय तो!”

त्याच्या टीममधल्या पोरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की संध्याकाळी तो घरी कसा पोचला असेल देव जाणे. पण गडी बोटावरून हटला नाही. काकांनी वर केलेला हात तसाच ठेवून थोडा विचार केला, मग तोच हात मधल्या रेषेकडे वळवला आणि जमलेल्या सगळ्यांना बजावलं, की हा गोल आरडाओरडा केल्यामुळे नाही, 14 व्या नियमाप्रमाणे दिलेला आहे.